पडलेल्या प्रयोगाचा जमाखर्च

लंडन शहराच्या पूर्व भागात, माइल एंड रोडपासून जवळच, ज्यू लोकांच्या वस्तीच्या ऐन मध्यभागी ‘फॉरेस्टर्स’ नावाचा एक छोटेखानी म्युझिक हॉल होता. म्युझिक हॉल म्हणजे गाणी, नकला, कसरती आणि विनोदी संभाषणे यांची मिश्र करमणूक कष्टकरी वर्गाला स्वस्तात मिळे ते ठिकाण. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एके रात्री या हॉलच्या रंगमंचावर सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा, आपले कोवळे वय झाकले जावे म्हणून गालांवर खोटी दाढी चिकटवून, ज्यू विनोदवीराचे सोंग घेऊन उभा राहिला. थोरल्या भावाने दिलेले दोन पौंड त्याने गाण्यांच्या स्वरलेखनात घातले होते. विनोद ‘मॅडिसन्स बजेट’ नावाच्या अमेरिकन चुटक्यांच्या पुस्तकातून उचलले होते. आठवडाभर बिनपगारी चाचणी द्यायची आणि पसंत पडलो तर पुढचे पाहायचे, असा एकंदर मामला होता. पहिले दोन-तीन विनोद झाले न झाले तोच समोरून नाणी आणि संत्र्याच्या साली येऊ लागल्या, पाय आपटले जाऊ लागले, हुर्यो सुरू झाली. हे काय चालले आहे याचा उमज त्याला प्रथम पडेना. उमज पडला तेव्हा मुलगा घाईघाईने बोलू लागला, आणि जसजसा त्याचा वेग वाढला तसतसा सालींचा वर्षावही वाढत गेला. आत आल्यावर मालकांचा फैसला ऐकण्यासाठी तो थांबला नाही. त्याने रंग पुसला, तो तडक बाहेर पडला, आणि स्वरलेखनाच्या वह्या परत नेण्यासाठीसुद्धा त्या थिएटरात त्याने पुन्हा कधी पाऊल टाकले नाही.

हा मुलगा चार्ली चॅप्लिन होय. 1916 साली ‘म्युच्युअल’ या चित्रपट कंपनीने आठवड्याला 10,000 डॉलर वेतनाच्या करारावर ज्याला घेतले, तो हाच. या दोन प्रसंगांमध्ये जेमतेम आठ-नऊ वर्षांचे अंतर आहे, आणि ते अंतर त्याने कसे कापले याची चौकशी विनोदाच्या क्षेत्रात पाऊल टाकू पाहणाऱ्या प्रत्येक तरुणाने बारकाईने करावी, असे मला मनापासून वाटते. अपयश ही यशाची पहिली पायरी, हे वाक्य आपण सर्वांनी शाळेच्या भिंतीवर वाचलेले आहे. परंतु फॉरेस्टर्समध्ये आणि त्याच्यासारख्या शेकडो हॉलांमध्ये ज्यांच्यावर साली पडल्या असे नट त्या काळी असंख्य होते, आणि त्यांपैकी बहुतेकांची नावेही आज कोणाला ठाऊक नाहीत. अपयश सर्वांच्या वाट्याला सारखेच येते. फरक पडतो तो त्याचा हिशेब कोण कसा ठेवतो यामुळे.

चॅप्लिनने जो हिशेब मांडला तो त्याने आपल्या आत्मचरित्रात नमूद करून ठेवलेला आहे, आणि त्याचा प्रामाणिकपणा पाहण्यासारखा आहे. आपले विनोद नुसते सुमार नव्हते तर ज्यू समाजाची कुचेष्टा करणारे होते, आणि ते आपण ज्यू वस्तीत जाऊन म्हटले, ही एक बाब त्याने लिहिली. आपले उच्चार त्या सोंगाला साजेसे नव्हते, ही दुसरी. पण तिसरी बाब या दोहोंहून मोलाची आहे: प्रेक्षकांशी सरळ बोलून, जवळीक साधून त्यांना हसविण्याची जी एक हातोटी असते ती आपल्यापाशी नाही, आपण व्यक्तिरेखा उभी करून हसविणारे नट आहोत, हे त्याला त्या रात्रीने शिकविले. ‘मी नालायक आहे’ असा सरसकट निकाल त्याने स्वतःवर दिला नाही, त्याचप्रमाणे ‘लोकच अडाणी होते’ असा निकाल लोकांवरही दिला नाही. विंगेत उभे राहून पडलेल्या प्रयोगानंतरची बोलणी ज्यांनी ऐकली आहेत त्यांना ठाऊक असेल की, शंभरांतील नव्वद नट या दोहोंपैकी एका निकालावर विसंबून झोपी जातात. आणि दोन्ही निकालांमध्ये शिकण्याजोगे असे काहीच उरत नाही, हा त्यांतला खरा दोष आहे.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, प्रयोग पडला त्याच रात्री, जेवण्यापूर्वी, एका वहीत त्याची कैफियत लिहावी. मन उदास असते, हात उचलवत नाही, हे मी जाणतो. पण सकाळपर्यंत स्मृती आपल्या सोयीचे फेरफार करून ठेवते आणि मग दप्तरात खोटा कागद जातो. कोणत्या वाक्यापर्यंत लोक स्वस्थ ऐकत होते, पहिली खुर्ची कोठे करकरली, कोणत्या शब्दानंतर मागच्या रांगेत बोलणे सुरू झाले, आणि त्या क्षणी आपण काय केले, एवढेच लिहावे. भावना लिहू नयेत. ‘त्या क्षणी आपण काय केले’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांचे एकच येते, आणि ते त्या मुलाच्या उत्तराहून निराळे नसते: आपण घाई केली. सभागृह थंड पडले की जिभेला पाय फुटतात, हशाच्या जागा आपणच तुडवीत आपण पुढे पळतो, आणि जे दोन विनोद कदाचित वठले असते तेही वाया जातात. अशा वेळी करावयाचे ते याच्या उलट. वाक्य पूर्ण करावे, क्षणभर थांबावे, उरलेला मजकूर निम्म्यावर आणावा आणि जो भाग आपल्याला सर्वांत पक्का येतो तेथे उडी घेऊन, वेळेआधीच, नमस्कार करून बाहेर पडावे. पाच मिनिटे कमी केली म्हणून कोणी नटाला दूषण देत नाही.

उसन्या मजकुराविषयी येथेच बोललेले बरे. पुस्तकातला चुटका, दुसऱ्या कलावंताची गाजलेली नक्कल, मोबाइलवर फिरत आलेला किस्सा, यांवर पहिल्या पायरीवरचा प्रत्येकजण गुजराण करतो, आणि सरावापुरते ते क्षम्यही आहे. परंतु उसना विनोद पडला म्हणजे तो का पडला हे शोधण्याचे साधन आपल्या हाती राहत नाही, कारण तो मुळात का हसवीत होता हेच आपल्याला ठाऊक नसते. स्वतः रचलेला विनोद पडला तर त्याची चूल, लाकडे आणि आच सारी आपल्या ओळखीची असतात. तो दुरुस्त करता येतो.

आता त्याच मुलाला पुन्हा रंगमंचावर पाहू. 1908 साली, म्हणजे फॉरेस्टर्सच्या नामुष्कीनंतर फार काळ लोटला नसताना, थोरला भाऊ सिडनी याच्या खटपटीने फ्रेड कार्नो या बड्या व्यवस्थापकाने त्याला ‘द फुटबॉल मॅच’ या प्रहसनात चाचणीपुरते घेतले. कार्नोला हा फिकट, किरकोळ अंगाचा, लाजरा पोरगा फारसा पसंत नव्हता. जागा लंडनच्या कोलिझियमची, म्हणजे फॉरेस्टर्सच्या कितीतरी पट मोठी. प्रमुख नट हॅरी वेल्डन, आणि त्याच्या प्रवेशाआधी त्या प्रहसनात कधी हशा पिकत नसे असा तोवरचा शिरस्ता. चॅप्लिन प्रवेशला तो प्रेक्षकांकडे पाठ करून. मागून पाहता नखशिखांत सभ्य गृहस्थ: लांब कोट, उंच टोपी, हातात छडी. मग तो वळला, आणि त्याचे लालबुंद नाक लोकांना दिसले. हशा झाला. तो तोऱ्यात चालू लागला आणि डंबेलला अडखळला. छडी फिरविली तो ती ठोसे मारायच्या उभ्या चेंडूत अडकली आणि चेंडू उलटून तोंडावर आदळला. विजारीचे बटण तुटून पडले तेव्हा ते शोधता शोधताही त्याने आपला रुबाब काही सोडला नाही. वेल्डन येण्यापूर्वीच थिएटर हसत होते. त्या रात्री तो घरी पायी निघाला, वेस्टमिन्स्टरच्या पुलावर काळ्या पाण्याकडे पाहत उभा राहिला, आनंदाने रडावेसे वाटले पण रडू येईना, मग पुढे चालत जाऊन एका टपरीवर त्याने चहा घेतला. त्या फेब्रुवारीत आठवड्याला साडेतीन पौंडांचा करारनामा त्याच्या हाती पडला.

ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहा. फॉरेस्टर्समध्ये तो प्रेक्षकांकडे तोंड करून त्यांच्याशी बोलत होता. कोलिझियममध्ये तो पाठ करून आला आणि बोलण्याआधी कृतीने हसवून गेला. तेथे त्याने चेहरा दाढीने झाकला होता. येथे लालबुंद नाकाने त्याच चेहऱ्याकडे सगळ्यांचे डोळे खेचले. आणखी सहा वर्षांनी ‘कीस्टोन’ या चित्रपट कंपनीत तिचा प्रमुख मॅक सेनेट याने त्याला कसलाही मजेदार वेष करून यायला फर्मावले, तेव्हा ढगळ विजार, तंग कोट, लहान टोपी आणि मोठाले बूट यांवर त्याने जी चिमुकली मिशी लावली, ती वय वाढविण्यासाठीच, परंतु चेहऱ्यावरचे भाव लपणार नाहीत एवढीच. खोट्या दाढीपासून त्या चिमुकल्या मिशीपर्यंतचा हा प्रवास मला त्याच्या सगळ्या चरित्रातील सर्वांत बोधप्रद भाग वाटतो. अडचण तीच होती, वय कोवळे दिसण्याची. उपाय मात्र सुधारून घेतलेला होता.

आणि तोऱ्यात चालताना अडखळणे, बटण तुटूनही रुबाब न सोडणे, यातच ओशाळलेपणाचे भांडवल कसे करावे याची गुरुकिल्ली आहे. 1918 साली लिहिलेल्या एका लेखात चॅप्लिनने आपल्या विनोदाची मीमांसा केली आहे. तिचा मथितार्थ असा की, माणूस फजितीत सापडला एवढ्याने लोक पुरेसे हसत नाहीत. फजितीत सापडलेला माणूस आपले काहीच बिघडले नाही असे भासवून आपली प्रतिष्ठा सावरू पाहतो, तेव्हा हसतात. ‘द ॲडव्हेंचरर’ या 1917 च्या चित्रपटात गॅलरीत बसून आइस्क्रीम खाताना ते प्रथम त्याच्याच विजारीत घरंगळते, आणि ते झटकण्याच्या खटाटोपात खाली बसलेल्या एका श्रीमंत बाईच्या पाठीवर, पोशाखाच्या आत पडते. बाई श्रीमंत निवडली ती मुद्दाम. आइस्क्रीम आधी त्याच्या अंगावर पडते तेही मुद्दाम, कारण थंडावा कसा लागतो हे प्रेक्षकाने आधी त्याच्याबरोबर अनुभवलेले असते.

तेव्हा ज्यांना स्वतःच्या लाजिरवाण्या प्रसंगांवर विनोद रचावयाचा आहे त्यांनी एक पथ्य कटाक्षाने पाळावे. ‘माझी अशी फजिती झाली’ असे सांगून दयेची याचना करू नये. फजिती लपविण्यासाठी त्या वेळी आपण काय काय केले ते करून दाखवावे. मुलगी पाहायला गेलेल्या तरुणाच्या मोज्याला भोक असते, यात विनोद थोडा. ते भोक दिसू नये म्हणून पायावर पाय ठेवून बसलेला तो तरुण कांदेपोह्यांची बशी घेण्यासाठी उठायला तयार होत नाही, आणि ‘मला बसल्या जागी बरं वाटतं’ असे भावी सासऱ्यांना गंभीरपणे सांगतो, येथे विनोदाला आरंभ होतो. आपल्या वहीतील प्रत्येक नामुष्कीशेजारी एक दुसरा रकाना आखावा आणि त्यात, मी ती झाकण्यासाठी काय केले, एवढे लिहीत जावे. सहा महिन्यांत त्या रकान्यातून अर्ध्या तासाचा मजकूर निघतो. आणि तो दुसऱ्या कोणाच्याही पुस्तकात सापडणार नाही असा असतो.

प्रेक्षकांच्या पसंतीविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 1910 साली कार्नोची मंडळी अमेरिकेला गेली आणि न्यूयॉर्कमध्ये ‘द वाउ-वाउज’ या प्रहसनाने आरंभ केला. इंग्लंडमध्ये ज्या वाक्यांवर हशा हमखास वसूल होई त्या वाक्यांवर सभागृह गप्प. रोज रात्री तेच. मग तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या एका थिएटरात, जेथे श्रीमंतांच्या घरी चाकरीला असलेले इंग्रज खानसामे आणि हुजरे बहुसंख्येने आले होते, तेच प्रहसन दणक्यात रंगले, आणि त्या रात्रीमुळे कंपनीला वीस आठवड्यांच्या दौऱ्याचे काम मिळाले. मजकूर तोच, नट तेच. म्हणून नवा मजकूर एकाच ठिकाणी पडला तर त्याला बडतर्फ करू नये. निदान तीन निरनिराळ्या वस्त्यांत, निरनिराळ्या वयाच्या लोकांसमोर त्याची हजेरी घ्यावी. पुण्यातील सदाशिव पेठेत जी कोटी डोक्यावर घेतली जाते ती चंद्रपुरास समजेलच असे नाही, आणि याचा दोष चंद्रपूरकरांकडे जात नाही. तिन्ही ठिकाणी एकाच वाक्यावर शांतता पसरली तर मात्र ते वाक्य कितीही लाडके असले तरी काढून टाकावे.

आवाजाविषयी दोन शब्द बोलल्यावाचून मला पुढे जाववत नाही, कारण चॅप्लिन घराण्याची ती दुखरी जागा आहे. चॅप्लिन पाच वर्षांचा असताना ऑल्डरशॉट येथे शिपायांच्या करमणूकगृहात त्याची आई गात होती, तिचा आवाज मध्येच फुटला, शिपाई ओरडू लागले, आणि व्यवस्थापकाने विंगेत उभ्या असलेल्या या पोराला हात धरून रंगमंचावर आणले. पोर गाऊ लागले, नाण्यांचा पाऊस पडला, तेव्हा गाणे थांबवून त्याने, आधी पैसे गोळा करतो आणि मग गातो, असे जाहीर केले; लोक खदखदून हसले. पुढे निरागसपणे त्याने आईच्या फुटलेल्या आवाजाचीही नक्कल केली. ती रात्र त्याच्या रंगभूमीवरील पहिली आणि आईची अखेरची ठरली. या घटनेनंतर सुमारे पंधरा वर्षांनी कार्नोने वेल्डनची प्रमुख भूमिका त्याला देऊ केली, तेव्हा ऐन उद्घाटनाच्या रात्री त्याचा स्वतःचा घसा बसला, वाक्ये शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेनात, आणि ती संधी हातची गेली. मराठी रंगभूमीवर विनोदी नटाला तीन-तीन तास ओरडावे लागते, दौऱ्यावर जागरणे होतात, बर्फ घातलेले सरबत हाती येते. प्रयोगाच्या दिवशी दुपारनंतर गप्पांची मैफल टाळावी, रिकाम्या सभागृहात शेवटच्या रांगेत कोणास तरी बसवून आपली वाक्ये ऐकवावीत, आणि घसा बसला असता दामटून प्रयोग करू नये. फजिती सावरता येते. कायमचा गेलेला आवाज परत येत नाही.

यानंतरचा अडथळा वरिष्ठांचा. ‘कीस्टोन’मधील पहिल्याच चित्रपटात, ‘मेकिंग अ लिव्हिंग’मध्ये, दिग्दर्शक हेन्री लेहरमन याने चॅप्लिनच्या उत्तम जागा संकलनात कापून टाकल्या, आणि या नवख्याला फार कळते असे वाटल्यामुळे आपण ते हेतुपुरस्सर केले, अशी कबुली पुढे काही वर्षांनी दिली. चॅप्लिनने यावर जी युक्ती योजिली ती होतकरू नटाने पाठ करून ठेवावी: कापणाऱ्यांची पद्धत त्याने न्याहाळली आणि आपल्या गमती प्रवेश करतानाच्या व बाहेर पडतानाच्या क्षणांत गुंफू लागला, कारण ते क्षण कापले की कथानकच तुटते. चार-दोन ओळींची भूमिका वाट्याला आली असता एंट्री आणि एक्झिट यांवर मेहनत घ्यावी, ती यासाठीच. पुढे मेबल नॉर्मंडच्या दिग्दर्शनाखाली काम करताना तंटा विकोपाला गेला आणि त्याची नोकरी जाण्याची वेळ आली; पण न्यूयॉर्कहून चॅप्लिनचे आणखी चित्रपट पाठवा अशी तार आली. त्या वेळी त्याने स्वतः दिग्दर्शन करू देण्याची मागणी केली, आणि चित्रपट प्रदर्शनायोग्य ठरला नाही तर नुकसानीदाखल आपल्या शिलकीतले 1,500 डॉलर भरण्याची तयारी दाखविली. तक्रार पुष्कळांना करता येते. तक्रारीबरोबर जामीन राहण्याची तयारी दाखविली म्हणजे समोरच्याला ऐकून घ्यावे लागते. तुमच्या मंडळाला तुमचा प्रवेश नको असेल, तर एका छोट्या कार्यक्रमाच्या सभागृहाचे भाडे मी भरतो, असे म्हणून पाहावे.

यश आले म्हणजे पडणे संपते, ही समजूत मात्र काढून टाकावी. 1983 साली केव्हिन ब्राउन्लो आणि डेव्हिड गिल यांनी चॅप्लिनच्या न वापरलेल्या फितींतून एक माहितीपट तयार केला. तो पाहताना मन थक्क होते: हा कीर्तिशिखरावरचा माणूस कॅमेऱ्यासमोर तालमी करीत होता, फसत होता, तेच पुन्हा निराळ्या तऱ्हेने करीत होता. ‘सिटी लाइट्स’मध्ये आंधळ्या फुलवालीला चॅप्लिनने रंगविलेला भणंग माणूस श्रीमंत आहे असे वाटले पाहिजे, एवढीच पेचाची गोष्ट होती; त्या प्रसंगासाठी 342 वेळा चित्रीकरण केल्याची नोंद गिनेस बुकात आहे. अखेर जे सुचले ते किती साधे! वाहनांच्या गर्दीत अडकलेला भणंग एका मोटारीच्या एका दाराने शिरून दुसऱ्या दाराने फुटपाथवर उतरतो, दार लावल्याचा आवाज फुलवालीच्या कानी पडतो, आणि ती फूल पुढे करते; नंतर मोटारीचा खरा मालक येऊन बसतो, दार पुन्हा लागते, गाडी निघून जाते, आणि उरलेली मोड न घेताच गिऱ्हाईक गेले असे तिला वाटते. तो मात्र तिथेच, चोरपावलांनी मागे सरकून, तिला पाहत बसलेला असतो. त्या एका दाराच्या आवाजापर्यंत पोहोचण्यासाठी त्याला शेकडो वेळा पडावे लागले, आणि 1931 साली चित्रपट लोकांपुढे आला तेव्हा त्यांतले काहीच कोणाला दिसले नाही.

तेव्हा एक वही विकत घ्या, शंभर पानी, साधी. पहिल्या पानावर आजवरच्या सर्वांत वाईट प्रयोगाची तारीख आणि ठिकाण लिहा. त्याखाली लोक कोणत्या वाक्याला तुटले ते लिहा. शेजारच्या रकान्यात तुम्ही ते झाकण्यासाठी काय केले ते लिहा. ही वही कोणाला दाखवू नका, पण जपून ठेवा. आणि पान संपण्यापूर्वी, शेवटच्या ओळीत, पुढचा प्रयोग कोठे व कोणत्या तारखेस आहे तेवढे नमूद करा; तारीख ठरलेली नसेल, तर उद्या सकाळी दहाच्या आत ती ठरवून या आणि मग ती ओळ भरा.